व्हेनिसचा रिआल्तो व मर्चेरिया : नांवें, शिला आणि कागद

व्हेनिस शहरांतील रिआल्तो हा बाजार इ. स. १५१४ च्या जानेवारीच्या १० तारखेस आगीनें जळून खाक झाला. पण त्या वेळचे मूळ कागद पाहूं जातां त्यांत हें साल १५१३ असें लिहिलेलें आढळतें. हा लेखकाचा प्रमाद नव्हे. व्हेनिसच्या राज्यांत वर्षाचा आरंभ मार्चच्या पहिल्या तारखेपासून होई, आणि १७९७ सालीं तें राज्य लयास जाईपर्यंत हाच परिपाठ चालू होता. त्यामुळें जानेवारी व फेब्रुवारी हे दोन महिने मागल्या वर्षाच्या पोटांत जात. दिवसाची गणनाही सूर्यास्तापासून. सान मार्कोच्या घड्याळ-मनोऱ्यावर, आणि रिआल्तोच्या देवळावरही, चोवीस तासांची तबकडी आहे ती याच कारणानें. शुहूर सन मृगास पालटतो व शक चैत्रांत, हें ध्यानांत न घेतल्यामुळें एकाच पत्राचीं दोन सालें कशीं होतात, हें ज्यांनीं आपल्याकडील दप्तरांत अनुभविलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. तरीपण रिआल्तोच्या आगीचें साल कांहीं पुस्तकांत १५१३ व कांहींत १५१४ असें छापलेलें असतें, आणि वाचणारा त्या दोन आगी समजूं शकतो. म्हणून आरंभींच खुलासा केला.

बाजार स्वतःचा इतिहास लिहीत नाहीं. राजा ताम्रपट देतो, देवस्थान शिलालेख कोरवितें, सरदार बखर लिहवून घेतो; बाजारकरी मात्र सकाळीं दुकान उघडतो आणि सायंकाळीं बंद करितो. त्याचें जें कांहीं मागें उरतें तें रस्त्यांच्या नांवांत, भिंतींत बसविलेल्या दगडांत, आणि दुसऱ्याच कोणत्या तरी हेतूनें लिहिलेल्या कागदांत. हे तीन साक्षी. बहुतेक जुन्या शहरांतून यांपैकीं एकदोन तरी नाहींसे झालेले असतात, त्यामुळें उरलेल्या एकाच्या सांगण्यावर विश्वास टाकावा लागतो. व्हेनिसांत तिघेही हयात आहेत. तिघांची उलटतपासणी तेथें करितां येते आणि कोणता साक्षी कोठें घसरतो हें दिसून येतें. एका परक्या शहराच्या बाजाराकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें मुख्य कारण हेंच आहे. दुसरें एक कारण आपल्या घरांतील आहे; तें शेवटीं येईल.

प्रथम स्थलाची माहिती. व्हेनिस हें खाजणांतील लहान लहान बेटांवर वसलेलें शहर असून त्याच्या मधून एक मोठा कालवा नागमोडी वळणानें गेला आहे. या कालव्याच्या ऐन वळणावर पश्चिम कांठास रिआल्तो. मूळ लॅटिन नांवाचा अर्थ कोणी ‘उंच कांठ’ असा करितात तर कोणी ‘खोल प्रवाह’ असा. शब्दाला दोन्ही अर्थ सोसतात. प्राचीन काळीं हें नांव आसपासच्या सर्व वस्तीचें होतें, पुढें तें केवळ बाजाराचें होऊन राहिलें. १०९७ सालीं ओरिओ घराण्यानें आपली तेथील जागा नगरराज्याच्या स्वाधीन केली. तेव्हांपासून तेथील बाजार नगराच्या मालकीचा झाला आणि त्याचें भाडें सरकारांत जमा होऊं लागलें. भाडें सरकारांत जमा झालें म्हणजे त्याचा कागद उत्पन्न होतो. रिआल्तोविषयीं आज जें इतकें बारकाईनें कळतें त्याचें मूळ या एका गोष्टींत आहे.

कालव्यावरील पूल आधीं लांकडी होता. गलबतांच्या डोलकाठ्या जाव्यात म्हणून त्याचा मधला भाग उचलतां येई. कार्पाच्चो या चित्रकारानें १४९४ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रांत तो स्पष्ट दिसतो. १४४४ त एका लग्नाची मिरवणूक पाहण्यास जमलेल्या गर्दीच्या भारानें हा पूल मोडला होता. आजचा एककमानी दगडी पूल आंतोनिओ दा पोंते यानें १५८८ ते १५९१ या काळांत बांधला. पुलावरच दुकानांच्या रांगा आहेत. लांकडी पुलावरही त्या होत्या, आणि त्यांच्या भाड्यांतून पुलाचा खर्च निघे. पूल उतरून पूर्व कांठास आलें कीं जर्मन व्यापाऱ्यांची जुनी वखार लागते. तेथून सान मार्कोच्या चौकापर्यंत जो अरुंद, वांकडातिकडा रस्ता जातो तो मर्चेरिया. अंतर फारसें नाहीं. दहा मिनिटांत माणूस चालून जाईल. रिआल्तोवर घाऊक व्यवहार, पेढ्या, विमा, आणि रोजचें मांसमासळी-भाजीपाल्याचें खाद्य. मर्चेरियांत किरकोळ, उंची, डोळ्यांना भुलविणारा माल. अशी सर्वसाधारण वांटणी होती.

आतां नांवें. रिआल्तोंत हिंडणाऱ्याला जुन्या व्यापाराचा जवळजवळ खतावणीच वाचावयास मिळते. सोनारांची ओळ ती रूगा देल्यि ओरेझी, गांधी व औषधवाल्यांची ती स्पेत्सिएरी. भाजीची जागा एर्बारिया, मासळीची पेस्कारिया, खाटकांची बेक्कारिये. कालव्याच्या कांठानें रीव्हा देल व्हिन म्हणजे दारूचा धक्का, आणि समोरच्या कांठास लोखंडाचा व कोळशाचा धक्का. जहाजांचा विमा उतरणारे जेथें बसत त्या गल्लीस अद्याप विम्याची गल्ली असेंच नांव आहे. संत्र्यांची जागा ती नारानत्सेरिया. व्हेनिसच्या बोलींतील ‘नारान्त्सा’ हा शब्द आरबी-फारशीच्या वाटेनें गेलेला आपला ‘नारंग’च होय. मात्र कानाला गोड लागेल त्या प्रत्येक साम्यावर भाळूं नये. शेजारींच ‘कासारिया’ आहे. तिचा आपल्या कासारांशीं कांहींएक संबंध नाहीं. ती चीज विकणारांची जागा. अशा नादसाम्यावर इमले उठविणारे लेखक आपल्याकडेही कमी नाहींत, म्हणून हें मुद्दाम नमूद करितों.

पुण्याच्या तांबट आळींत अद्याप तांब्यावर हातोडे पडतात. पण तपकीर गल्लींत तपकीर शोधूं गेल्यास निराशा पदरीं येईल. व्हेनिसांतही तसेंच. सान मार्कोजवळ फ्रेत्सेरिया म्हणून रस्ता आहे, तेथें बाण करणारे राहत. जवळच स्पादारिया, तेथें तलवारी मिळत. आज तेथें बाणही नाहींत व तलवारीही नाहींत. नांव एकदां होऊन गेलेल्या वस्तुस्थितीचें असतें. ती केव्हां होती आणि केव्हां संपली हें नांव सांगत नाहीं. शिवाय भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या चौकटींत काळ्या अक्षरांनीं रंगविलेल्या ज्या पाट्या प्रवाशांना फार प्राचीन वाटतात, त्या एकोणिसाव्या शतकापासूनच्या आहेत. नांवें जुनीं, पाट्या नव्या. या नांवांचा छडा लावण्याचें काम जुझेप्पे तास्सीनी या व्हेनिसकर संशोधकानें आयुष्यभर केलें. त्याचा ‘कुरिओझिता व्हेनेत्सिआने’ हा ग्रंथ १८६३ सालीं प्रथम निघाला, आणि गल्लीबोळांच्या नांवांचा शोध घेणारा कोणीही अद्याप तो उघडल्यावांचून पुढें जात नाहीं. आपल्या पेठांसाठीं असा एखादा ग्रंथ प्रत्येक जुन्या गांवीं व्हावयास हवा होता.

नांवांच्या साक्षीला रिआल्तोंत विशेष वजन येतें तें १५१४ च्या आगीमुळें, हें विरोधाभासासारखें वाटेल. देवळाखेरीज बहुतेक सर्व बाजार त्या आगींत गेला. नव्या रचनेसाठीं फ्रा जोकोंदो या विद्वान वास्तुशास्त्रज्ञानें एक भव्य आराखडा दिला होता: ग्रीक चौकाच्या धर्तीवर चौकोनी, प्रमाणबद्ध बाजार. तो नामंजूर झाला. स्कार्पान्यीनो याचा साधा आराखडा पसंत पडला, आणि जुन्याच रेषांवर नव्या इमारती उठल्या. कलेचे इतिहासकार याबद्दल हळहळतात. वाझारीनें तर फ्रा जोकोंदोची बाजू घेऊन व्हेनिसकरांना बरेंच सुनावलें आहे. परंतु आमच्या दृष्टीनें तें बरेंच झालें. ज्यांचे हक्क जुन्या जागांवर होते त्यांना तेवढ्याच जागा हव्या होत्या, आणि सरकारला भाडें लवकर सुरू व्हावयास हवें होतें. या दोन सामान्य कारणांमुळें आगीपूर्वींची गल्ल्यांची आंखणी आज जमिनीवर पाहतां येते. फ्रा जोकोंदोचा चौक उठला असता तर सोनारांची ओळ आणि गांध्यांची ओळ हीं नांवें कोणत्या जागेला चिकटवावयाचीं असा प्रश्न पडला असता.

आगीनें दुसरेंही एक काम केलें. घरपट्टीवजा ‘देचिमा’ नांवाचा जो कर होता त्याचें दप्तर रिआल्तोंत असे, तें जळालें. तेव्हां सरकारनें सर्व मालकांस आपापलीं घरें, दुकानें, जमिनी व त्यांचें उत्पन्न नव्यानें लिहून देण्याचा हुकूम केला. अशा रीतीनें १५१४ ची ‘रेदेचिमा’ म्हणजे सर्व मिळकतींची नवी झडती निर्माण झाली. पुढें १५३७, १५६६, १५८२, १६६१ अशा क्रमानें त्या होत गेल्या. १६६१ च्या वेळीं तर कारकून दारोदार फिरून नोंद करीत गेले. कोणत्या गल्लींत कोणतें दुकान, मालक कोण, कूळ कोण, भाडें किती, हें सर्व तींत येतें. जुनें दप्तर जळालें नसतें तर त्याच जुन्या नोंदींवर किती वर्षें काम भागविलें गेलें असतें कोण जाणे! हीं सर्व दप्तरें आज फ्रारीच्या जुन्या मठांतील सरकारी दप्तरखान्यांत आहेत. तो १८१५ त स्थापन झाला, आणि त्यांतील फडताळें एकापुढें एक मांडल्यास सुमारे ७० किलोमीटर भरतील.

नांव, दगड व कागद यांचा मेळ कसा बसतो याचें एक उदाहरण घेऊं. १३१० च्या जूनच्या १५ तारखेस बायामोंते तिएपोलो व मार्को क्वेरीनी यांनीं दोजेविरुद्ध, म्हणजे तेथील राज्याध्यक्षाविरुद्ध, बंड केलें. तिएपोलोची टोळी मर्चेरियांतून चौकाकडे चालली असतां एका म्हातारीनें खिडकींतून दगडी खल खालीं लोटला. तो निशाणदाराच्या डोक्यांत बसून तो ठार झाला, निशाण पडलें, आणि टोळीची फळी फुटली. बक्षीस काय हवें असें विचारल्यावर म्हातारीनें दोन गोष्टी मागितल्या: सणाच्या दिवशीं खिडकींत सान मार्कोचें निशाण लावण्याची मोकळीक, आणि आपल्या घराचें भाडें कधींही न वाढविण्याचें अभिवचन. घर सान मार्कोच्या विश्वस्तांचें होतें. मागणी मान्य झाली. आपल्याकडील इनामपत्रांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’ म्हणतात तशी ही भाडेकरूची सनदच म्हणावी लागेल. मर्चेरियाच्या तोंडाशीं खल लोटणाऱ्या म्हातारीचें शिल्प आहे आणि खालीं फरसबंदींत तारखेचा पांढरा दगड आहे. तेव्हां पुरावा भक्कम वाटतो. परंतु शिल्प १८६१ चें आहे. म्हातारीचें नांव कोणी जुस्तीना देतात, कोणी लुचिया. म्हणजे ज्या दगडाकडे पाहून प्रवासी मान डोलावितो तो घटनेनंतर साडेपांचशें वर्षांनीं बसविलेला. खरा जुना पुरावा भाड्याच्या सवलतीचा आहे. कारण सवलत टिकविण्यासाठीं वारसांना आणि वाढविण्यासाठीं मालकाला कागद धुंडाळणें भाग असे.

याच बंडाची दुसरी खूण रिआल्तोंत आहे. तेथें क्वेरीनींचा वाडा होता. बंड मोडल्यावर तो जमीनदोस्त करावयाचा असें ठरलें, पण तीन भावांपैकीं एकाचा कटांत हात नव्हता व तिसरा हिस्सा त्याचा होता. न्यायाला निष्ठुर असलेलें हें सरकार हिशेबाला चोख होतें. त्याचा हिस्सा सोडवून घेतल्यावर मग वाड्याचा उपयोग १३३९ च्या सुमारास खाटिकखान्याकडे करण्यांत आला. उमरावाच्या दिवाणखान्यांत मांसाचीं ताटें लागलीं. बेक्कारिये हें नांव जें आज त्या जागेला आहे त्याच्या पोटीं एवढी कथा आहे, आणि नुसत्या नांवावरून ती कोणालाही कळली नसती.

शिलांची साक्ष अधिक टिकाऊ खरी. पण तीहि तपासूनच घ्यावी. रिआल्तोच्या मधोमध सान जाकोमोचें लहान देऊळ आहे. शहराची स्थापना याच देवळाबरोबर ४२१ च्या मार्चच्या २५ तारखेस झाली अशी दंतकथा असून २०२१ सालीं तिच्या आधारें शहराचा सोळाशेंवा वाढदिवस थाटानें साजरा झाला. प्रत्यक्षांत आजच्या देवळाची बांधणी अकराव्या-बाराव्या शतकांहून मागें नेण्यास आधार नाहीं. त्याच्या मागील भिंतीवर मात्र एक खरोखरीचा जुना लॅटिन लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा कीं, या मंदिराच्या सभोंवारीं व्यापाऱ्यांचा न्याय सरळ असावा, वजनें खोटीं नसावीं आणि करार कपटाचे नसावेत. १८७० च्या दशकांत इंग्रज ग्रंथकार रस्किन याचें लक्ष त्याकडे गेलें, आणि या शोधाचा त्याला आपल्या मोठमोठ्या ग्रंथांइतकाच अभिमान वाटे. आपल्याकडील शिलालेखांत दान मोडणारास शाप असतो, गद्धेगाळीवर तर तो चित्ररूपानें असतो. येथें शाप नाहीं, आर्जव आहे. मात्र आर्जवावर विसंबून न राहतां शेजारींच वजनें तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची कचेरी आणि पलीकडे खजिन्याच्या वाड्याच्या तळमजल्यावर कैदखाना ठेवलेला होता.

देवळासमोर ‘गोब्बो’ म्हणजे कुबड्या नांवाची एक वांकलेली मूर्ति खांद्यावर पायऱ्या तोलून बसली आहे. ती पिएत्रो दा सालो यानें १५४१ त घडविली. पायऱ्या चढून जेथें उभें राहतां येतें तेथून सरकारी दवंडी वाचली जाई. तीच दवंडी त्याच वेळीं सान मार्कोजवळच्या दगडावरूनही वाचीत. किरकोळ गुन्हेगारांना फटके मारीत एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत पळवीत, आणि तो सुटलेला जीव गोब्बोला मिठी मारून त्याचें चुंबन घेई, असें सांगतात. या दोन दगडांच्या मधला रस्ता म्हणजेच मर्चेरिया होय.

मासळीबाजाराची भिंत पाहतांना मात्र सावध असावें. तेथें एका संगमरवरी फळीवर कोणता मासा किती लांबीपेक्षां लहान असल्यास विकूं नये याची यादी आहे. सार्डीन सात, बाम पंचवीस, कालव पांच, असे आंकडे. प्रवासी तिला मध्ययुगीन कायदा समजतात, मार्गदर्शकही तसें सांगतात. पण ते आंकडे सेंटिमीटरचे आहेत! दशमान पद्धति फ्रेंच राज्यक्रांतीच्या पोटीं जन्मली. तेव्हां ही फळी एकोणिसाव्या शतकाच्या आधींची असूं शकत नाहीं. लहान मासा वांचविण्याचा नियम जुना असेल, दगड जुना नाहीं. ज्या गॉथिक कमानींखालीं मासळी विकतात ती इमारतही, कितीही पुराणी दिसली तरी, १९०७ ची आहे. अक्षरांच्या वळणावरून व कमानींच्या घाटावरून काळ ठरविणारांनीं येथें एक फेरी मारावी.

आतां कागद. सान जाकोमोच्या ओवरींत पेढीवाले आपापलीं बांकें टाकून बसत. ‘बँक’ हा शब्द या बांकापासूनच निघाला. आपल्या पेढ्यांवर व्यवहार चाले तो हुंडीवर. कागद दाखवावा आणि पैसे न्यावेत. रिआल्तोची रीत निराळी होती. देणारा व घेणारा या दोघांनीं जातीनें बांकापाशीं यावें, देणारानें तोंडानें रक्कम सांगावी आणि पेढीवाल्यानें दोघांदेखत वहींत एकाच्या खात्यांतून दुसऱ्याच्या खात्यांत ती फिरवावी. नाणें हाताळावयाचें नाहीं, चिठ्ठी लिहावयाची नाहीं. वहीची ती ओळ न्यायांत पुरेसा पुरावा धरीत. शेंकडों लोकांच्या देण्याघेण्याचा अशा रीतीनें एका वहीवर भार पडल्यावर वही बुडाली कीं सर्वच बुडत. १४९९ त गार्झोनी व लिप्पोमानो या दोन पेढ्या लागोपाठ बसल्या. खासगी पेढ्यांच्या अशा अनुभवानंतर १५८७ त रिआल्तोवर सरकारी देखरेखीची पेढी निघाली, व १६१९ त ‘बांको देल जीरो’.

जिरोलामो प्रिउली हा असाच एक पेढीवाला. त्याची स्वतःची पेढी १५१३ त बुडाली; परंतु तो रोजनिशी लिहीत असे आणि ती तरली. १५०१ च्या जुलैमध्यें पोर्तुगीज जहाजें हिंदुस्थानाहून मिरीं भरून लिस्बनला परतल्याची बातमी रिआल्तोवर आली. प्रिउलीनें लिहिलें कीं, स्वातंत्र्य गमावण्याखालोखाल याहून वाईट बातमी व्हेनिसला असूं शकत नाहीं. त्याचें गणित साधें होतें. सुलतानाच्या मुलुखांतून येणाऱ्या मिऱ्यांवर पावलोपावलीं जकात, पोर्तुगीज मालावर ती नाहीं. मग व्हेनिसचीं मिरीं कोण घेईल? हा उतारा इतिहासाच्या पुस्तकांतून इतक्या वेळां आला आहे कीं १५०१ त रिआल्तो मेला असा समज दृढ झाला होता. पुढें फ्रेडरिक लेन या अमेरिकन संशोधकानें जकातीचे व जहाजांचे आंकडे जमवून १९४० त दाखवून दिलें कीं, पहिल्या धक्क्यानंतर मिऱ्यांचा जुना मार्ग पुन्हां सुरू झाला, आणि १५६० च्या सुमारास अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला येणारीं मिरीं पूर्वींच्या तोडीचीं होतीं. खरा अस्त सतराव्या शतकांत, डच लोक हिंदी महासागरांत उतरल्यावर झाला. प्रिउली खोटें बोलला नाहीं. तो भ्यालेला व्यापारी होता, आणि त्यानें आपली भीति प्रामाणिकपणें टिपून ठेविली. दोष त्याच्या भीतीला घटना समजणारांचा. बखरीवर दप्तराची सरशी कां मानावी, याला यापेक्षां चांगला दाखला मिळणें कठीण.

त्याच काळीं मारीनो सानूदो हा दुसरा गृहस्थ १४९६ पासून १५३३ पर्यंत रोज लिहीत होता: बाजारभाव, बातम्या, खून, लग्नें, आगी, सर्व कांहीं. त्याच्या रोजनिशीचे ५८ खंड झाले, आणि १८७९ ते १९०३ या काळांत ते छापून निघाले. त्याच्या हयातींत त्याला अधिकृत इतिहासकाराचा मान मिळाला नाहीं. तो बेंबो या सुंदर लॅटिन लिहिणाऱ्या पंडिताला मिळाला. १५३१ त सानूदोला दरसाल १५० दुकातांची नेमणूक झाली, ती आपल्या वह्या बेंबोला दाखवाव्यात या अटीवर. बेंबोचा इतिहास आज थोडेच वाचतात. सानूदोच्या वह्यांवांचून मात्र एकाचेंही चालत नाहीं.

हस्तलिखितें व ग्रंथ जमविणारांना मर्चेरिया अधिक जवळची वाटेल. १४६९ च्या सप्टेंबरांत योहान्नेस द स्पिरा या जर्मन मुद्रकाला व्हेनिसांत छापण्याचा पांच वर्षांचा मक्ता मिळाला. तो वर्षाच्या आंत वारला आणि मक्ता त्याच्याबरोबर गेला. म्हणून वाट सर्वांना मोकळी झाली. तीस वर्षांत मर्चेरियांत पुस्तकांचीं दुकानें दाटलीं. दुकानदार आपल्याकडील ग्रंथांची यादी दारावर लावीत. साबेल्लिको या समकालीन पंडितानें एका संवादांत दोन मित्रांची गोष्ट घातली आहे. ते जर्मन वखारीपासून सान मार्कोकडे निघाले, वाटेंत या याद्या वाचीत बसले आणि चौकापर्यंत पोंचलेच नाहींत. हाच साबेल्लिको १४८६ त आपल्या ग्रंथाच्या छपाईचा हक्क सरकारकडून स्वतःच्या नांवें मिळविणारा पहिला ज्ञात ग्रंथकार होय. मर्चेरियाच्या टोंकाला, चौकालगत, कार्डिनल बेस्सारिओन यानें १४६८ त अर्पण केलेलीं सुमारे साडेसातशें ग्रीक व लॅटिन हस्तलिखितें मात्र पेट्यांत पडून होतीं. त्यांना ग्रंथालयाची इमारत मिळावयास पाऊणशें वर्षें लागलीं! बाजारांत पुस्तकांचा पूर आणि राजवाड्यांत कुलूपबंद पेट्या, असा तो देखावा होता. १५०० सालीं याकोपो दे बार्बारीचें शहराचें विहंगम चित्र सहा लांकडी ठशांवरून छापून विकावयास निघालें, त्याची किंमत तीन दुकात. लांकडी पूल, बाजाराच्या ओळी, धक्के, सर्व त्यांत मोजून घ्यावें असें आहे. मूळ ठसेही शहराच्या संग्रहालयांत शाबूत आहेत.

१६४५ त इंग्रज प्रवासी जॉन इव्हेलिन मर्चेरियांतून गेला तेव्हां जरीचे व रेशमाचे पट खिडक्यांतून लोंबत होते, गांध्यांच्या दुकानांचा सुवास येत होता आणि पिंजऱ्यांतून बुलबुल गात होते. आजही तेथें उंची मालाच्या कांचा झळकतात; विकत घेणारे मात्र बहुतेक पाहुणे. १९५१ त जुन्या शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरांत होती, २०२२ च्या ऑगस्टांत ती पन्नास हजारांच्या खालीं उतरली. मासळी घेणारीं घरेंच उरलीं नाहींत तर मासळीबाजार राहावा कसा? पेस्कारियांतले गाळे एकेक करून कमी होत आहेत. एर्बारियाहि एक दिवस फ्रेत्सेरियासारखी नुसती पाटी होईल अशी धास्ती तेथील लोकांना वाटते, आणि ती प्रिउलीच्या धास्तीपेक्षां अधिक साधार आहे.

शेवटीं घरची गोष्ट. रिआल्तोच्या बांकांवर ज्या नाण्यांत हिशेब चाले तो सोन्याचा दुकात १२८४ त सुरू झाला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपले साडेतीन मासे; सोनें जवळजवळ निर्भेळ. पुढें पांच शतकें, राज्य बुडेपर्यंत, त्याचा कस व ठसा बदलला नाहीं. टांकसाळीला ते ‘झेक्का’ म्हणत, म्हणून नाण्याला ‘झेक्कीनो’. मूळ शब्द आरबी ‘सिक्का’. आपला ‘शिक्का’ही त्याच ठशांतला. मिऱ्यांच्या, कापडाच्या व जवाहिराच्या मोबदल्यांत हें नाणें अलेक्झांड्रिया, होर्मुझ या वाटेनें आमच्या किनाऱ्याला येई. सीझर फेदेरिची व गास्पारो बाल्बी हे व्हेनिसचे जवाहिरे स्वतः इकडे येऊन गेले आणि परत गेल्यावर अनुक्रमें १५८७ व १५९० सालीं त्यांचीं प्रवासवर्णनें व्हेनिसांतच छापलीं गेलीं. नाण्यावर माणसांच्या आकृति, म्हणून आपल्या लोकांनीं त्याला नांव दिलें पुतळी. दप्तरांतून व दागिन्यांच्या याद्यांतून जी पुतळी येते आणि गळ्यांतल्या माळेंत जी ओविली जाई ती मूळची हीच.

ज्यांच्या संग्रहीं जुनी पुतळी असेल त्यांनीं ती भिंगाखालीं धरावी. एका बाजूस उभा संत मार्को गुडघे टेकलेल्या दोजेला निशाण देत आहे, दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळांत ताऱ्यांनीं वेढलेला ख्रिस्त. संताच्या पाठीमागें उभीं अक्षरें त्याच्या नांवाचीं व व्हेनिसचीं, काठीच्या कडेनें ‘दुक्स’ म्हणजे राज्यपति हा शब्द, आणि दोजेच्या पाठीमागील कडेनें त्या त्या दोजेचें नांव. नाण्यावर साल नाहीं. पण दोजेंची संपूर्ण यादी उपलब्ध असल्यामुळें नांव वाचतां आल्यास त्याच्या कारकीर्दीपुरता काळ ठरतो. अक्षरें निरर्थक रेघोट्यांसारखीं असतील व आकृति बोजड असतील तर ती व्हेनिसची नव्हे. अशा नकला लेव्हांटांत व हिंदुस्थानांत पुष्कळ पडल्या, आणि माळेंतल्या पुतळ्या बहुधा याच जातीच्या असतात. दोन्ही प्रकार वेगळे नोंदवावे, वजन व भोंक कोठें पाडलें आहे तेंही लिहावें, आणि सोनाराकडे वितळविण्यास देण्यापूर्वीं ठशाची प्रत काढून ठेवावी.